संपाचे तीन दिवस आणि उरलेलं वर्ष

माटुंग्याच्या माणसाला रुग्णालय कधी लांब पडत नाही. उत्तरेला शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, दक्षिणेला परळची केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं, आणि खुद्द माटुंग्याच्या गल्ल्यांत डॉक्टर पती-पत्नींनी चालवलेली नर्सिंग होम्स. त्यामुळे रुग्णालयातला संप इथे थेट घरात येतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. मे २०२२ च्या अखेरीस सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा निवासी डॉक्टर, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयातल्या घटनेनंतर पुन्हा एकदा तेच. दर वेळी घराघरांत दोन बाजू पडतात.

त्या दोन बाजू मी इथे दोन पात्रांच्या तोंडी दिल्या आहेत. मावशी महापालिकेच्या रुग्णालयातून सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झालेली. भाचा सनदी लेखापाल, खासगी रुग्णालयांचे हिशेब तपासणारा. पात्रं माझी आहेत, मुद्दे मात्र या भागात राहणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटतील. फाइव्ह गार्डनच्या बाकावर संध्याकाळी बसून दोघं बोलत आहेत.

भाचा : मावशी, मी आधीच सांगतो, कामगारांच्या संपाला माझा विरोध नाही. गिरणी बंद राहिली तर त्या दिवशीचं कापड विणलं जात नाही, ते पुढच्या महिन्यात विणता येतं. रुग्णालयात तसं नसतं. आजचा झटका आजच येतो, आजची बाळंतीण आजच अडते. म्हणून रुग्णालयात संप नको. आणि हे मी भावनेनं बोलत नाही. जोनाथन ग्रुबर आणि सॅम्युअल क्लाइनर या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातले १९८४ ते २००४ या काळातले नर्सेसचे संप तपासले. संपाच्या दिवसांत दाखल झालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेलं त्यांना आढळलं. यावर तुझं काय म्हणणं आहे?

मावशी : माझं म्हणणं एवढंच, की तो आकडा मला मान्य आहे. नर्स खाटेपासून दूर गेली की माणूस दगावतो, हे मला कुणी अभ्यास करून सांगायची गरज नव्हती. पण आता त्याच देशातला दुसरा अभ्यास ऐक. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतले शस्त्रक्रियेचे रुग्ण तपासले. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक रुग्ण जास्त दिला, की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. एक रुग्ण जास्त! आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स. मी नाईट ड्युटीला चाळीसच्या वर रुग्ण, त्यातले काही जमिनीवरच्या गाद्यांवर, आणि सोबतीला एक विद्यार्थिनी, एवढ्यावर वॉर्ड सांभाळलेला आहे. एका कोपऱ्यात सलाईन संपलेलं असतं, दुसऱ्या कोपऱ्यात म्हातारा श्वासासाठी धडपडत असतो, आणि दाराशी नातेवाईक ओरडत असतात. तुझे १८ टक्के संपाच्या मोजक्या दिवसांचे. माझ्या वॉर्डातली टंचाई वर्षाचे ३६५ दिवस. पहिल्या गोष्टीला कायदा आहे, पोलीस आहेत, अग्रलेख आहेत. दुसऱ्या गोष्टीला काय आहे?

भाचा : थांब, टंचाईचं खापर तू नेहमी नफ्यावर फोडतेस, पण इथे तू स्वतःच्याच मुद्द्याविरुद्ध बोललीस. तुझा वॉर्ड महापालिकेचा होता. तिथे नफा कुणाचा? भागधारक कुठे होते? टंचाई नफ्यामुळे होते असं म्हणणाऱ्यांनी आधी शीव आणि केईएमचे वॉर्ड पाहावेत. उलट मी ज्या खासगी रुग्णालयांची खाती पाहतो, तिथे मानांकन टिकवण्यासाठी तरी अतिदक्षता विभागात नर्सेस मोजून ठेवाव्या लागतात.

मावशी : हे तू बरोबर बोललास, आणि मी ते मान्य करते. सरकारी ठिकाणी नफा नसतो. पण रिकामी ठेवलेली जागा म्हणजे अंदाजपत्रकातली बचत असते. निवृत्त झालेल्या सिस्टरची जागा वर्षानुवर्षं भरायची नाही, मग कंत्राटी मुलगी घ्यायची, मग तेही एजन्सीमार्फत. २०२२ चा संप नेमका त्याविरुद्ध होता. खासगीत त्याच बचतीला नफा म्हणतात, सरकारात काटकसर म्हणतात. दोन्हीकडे पैसा वाचतो तो नर्सच्या पायांवर. आणि खासगीतल्या मुलींबद्दल बोलायचं तर २०११ चा ऑक्टोबर आठव. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका खासगी हृदयरोग रुग्णालयातल्या नर्सेस सहकारी मुलीच्या आत्महत्येनंतर संपावर गेल्या. त्यांची मागणी काय होती? बॉण्ड रद्द करा आणि आमची मूळ प्रमाणपत्रं आम्हाला परत द्या. केरळातून हजार मैल आलेल्या मुलीचं प्रमाणपत्र कपाटात कुलूपबंद ठेवायचं, म्हणजे ती नोकरी सोडू शकत नाही. हे तुझ्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात येतं?

भाचा : कुठल्याच नाही, आणि येऊही नये. प्रमाणपत्र अडकवणं ही सक्ती आहे, तिचं समर्थन मी करणार नाही. पण त्यावर न्यायालय होतं ना? ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीनं शिफारस केली : पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तिथेही महिना किमान २०,००० रुपये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार. संप न करता हे मिळालं.

मावशी : मिळाली ती शिफारस. शिफारशीवर घरभाडं भागत नाही. केरळात किमान वेतनाची अधिसूचना २०१८ साली निघाली, ती नर्सेस हजारोंनी रस्त्यावर उतरल्या तेव्हा. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुलीला विचार, तिला महिन्याला किती मिळतात.

भाचा : मग त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरलाही विचार की खर्च भागून किती उरतात. माटुंग्यात चौरस फुटाचा भाव काय आहे? ऑक्सिजन, वीज, अग्निशमनाचे दाखले, जैविक कचऱ्याची विल्हेवाट. विमा कंपनीचा टीपीए, म्हणजे दावे तपासणारा मध्यस्थ, बिलात कापाकापी करतो आणि उरलेले पैसे काही महिन्यांनी पाठवतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे दर अनेक शस्त्रक्रियांना पुरत नाहीत, असं डॉक्टर सांगतात. एमआरआय यंत्र जुनं झालं तर नवं कुठून आणायचं? नफा म्हणजे फक्त कुणाची तरी गाडी आणि बंगला, असं समजू नकोस. पुढच्या यंत्राचे पैसे नफ्यातूनच येतात. सरकार सगळं करू शकत नाही, म्हणून भांडवल बाहेरून येतं. पुण्याचं सह्याद्री रुग्णालय बघ. २०२२ मध्ये त्यात मोठा हिस्सा घेतला तो कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडानं. म्हणजे तो नफा निवृत्त शिक्षकांचाच होता. भांडवलाचा चेहरा दर वेळी शेठजीचाच असतो असं नाही.

मावशी : उदाहरण चांगलं दिलंस. आता ते पूर्ण कर. मराठी न्यूरोसर्जननं उभं केलेलं हे रुग्णालय. २०१९ मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे गेलं, २०२२ मध्ये ओंटारियोच्या शिक्षकांकडे, आणि २०२५ मध्ये मणिपाल समूहानं ते घेतल्याचं जाहीर झालं. सहा वर्षांत तीन मालक, आणि दर वेळी किंमत वाढलेली. मी कुणावर आरोप करत नाही, सगळे व्यवहार कायदेशीर आहेत. पण मला सांग, किंमत वाढली ती कशाची? भिंतींची? त्या रुग्णालयावर लोकांचा जो विश्वास बसला, तो पहाटे तीन वाजता बेल वाजल्यावर धावत आलेल्या सिस्टरमुळे बसला. विक्रीच्या वाढीव रकमेत तिचा वाटा किती? ओंटारियोच्या शिक्षकांना चांगली पेन्शन मिळते, कारण त्यांची संघटना भक्कम आहे आणि फंडाच्या कारभारात तिला स्थान आहे. मला त्यांचा हेवा नाही. आपल्या नर्सला तेच हवं आहे.

भाचा : वाटा मागायला माझी हरकत नाही. खाट सोडायला आहे. आणि अमेरिकेत काय झालं तेही बघ. ऑक्टोबर २०२३ मध्ये कैझर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या पंचाहत्तर हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी तीन दिवस संप केला. त्या देशाच्या आरोग्यसेवेतला तोवरचा सर्वांत मोठा संप. आणि कैझर ही कागदोपत्री नफा न कमावणारी संस्था! म्हणजे नफा काढून टाकला तरी भांडण संपत नाही. चार वर्षांत २१ टक्के पगारवाढ द्यावी लागली. ती भरणार कोण? विम्याचा हप्ता भरणारं कुटुंब. आधीच तिथे राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा आरोग्यावर जातो.

मावशी : पगारवाढ सांगितलीस, पण संप कसा झाला ते राहिलं. अमेरिकेत १९७४ पासून कायदा आहे : आरोग्यसंस्थेत संप करायचा तर दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. त्या दहा दिवसांत तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात, रुग्ण हलवता येतात, बदली माणसं आणता येतात. कैझरचा संप आधी जाहीर झालेला आणि तीन दिवसांपुरताच होता. आठवड्याभरात तोडगा निघाला. आणि त्यांची मुख्य तक्रार पगाराइतकीच अपुऱ्या माणसांची होती. त्याच देशातल्या कॅलिफोर्निया राज्यात नर्सेसच्या संघटनांनी लढून १९९९ मध्ये कायदा करून घेतला. २००४ पासून तो लागू आहे : साध्या वॉर्डात आज पाच रुग्णांमागे एक नर्स, अतिदक्षतेत दोनांमागे एक. तेव्हा रुग्णालयांनी सांगितलं होतं की हे परवडणार नाही. वीस वर्षं होऊन गेली, कायदा टिकून आहे. ज्या राज्यात नर्सला मोजमाप मागता येतं, त्या राज्यात रुग्णालाही ते मिळतं.

भाचा : नोटिशीचा मुद्दा मला पटतो. आपल्याकडे १४ दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहेच. पण २०१७ मध्ये काय झालं? डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. नोटीस नाही, ओपीडी ठप्प, शस्त्रक्रिया रद्द. उच्च न्यायालयानं कानउघाडणी केली. गावाहून कर्ज काढून आलेला माणूस केसपेपर हातात धरून परत गेला. त्याचा काय गुन्हा?

मावशी : काहीच नाही. त्याच्याकडे पाहून माझाही जीव तुटला होता. पण तो संप मिटला तो कशानं? सरकारनं १,१०० सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं तेव्हा. त्याआधी किती वर्षं निवेदनं जात होती? २०१० मध्ये डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदाही झाला होता.

भाचा : आणि १८ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे, आपल्या शीव रुग्णालयात पुन्हा डॉक्टर तरुणीला दारू प्यायलेल्या रुग्णानं आणि नातेवाइकांनी मारहाण केली. म्हणजे सात वर्षं आधीच्या संपानं काय साधलं? १९८२ चा गिरणी संप तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलास. त्याचे नेते दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते. अडीच लाख कामगार १८ जानेवारीला बाहेर पडले. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, परळ-लालबागमध्ये मनोरे उभे राहिले. संपात दुबळी बाजू हरते, मावशी. मी हे दुःखानं बोलतोय.

मावशी : हरलेल्या संपातून तू संपच नको असा धडा घेतोस. मी असा धडा घेते की ज्या भांडणाला लवाद नसतो, ते भांडण दोघांनाही खातं. आणि संप करणारी नर्स रुग्णाला टाकते, असं म्हणण्याआधी केईएम आठव. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथली नर्स अरुणा शानबाग हिच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला, तेव्हा तिच्यासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी नर्सेसनी संप केला. त्याच केईएमच्या नर्सेसनी तिला तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे मे २०१५ पर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलं. पिढ्या बदलल्या, सेवा थांबली नाही. जानेवारी २०२० मध्ये वाडिया रुग्णालय अनुदानाच्या वादात बंद पडायची वेळ आली, तेव्हा कर्मचारीच रस्त्यावर उतरले. गिरणी कामगारांच्या बायकामुलांसाठी उभं राहिलेलं रुग्णालय वाचवायला. लढणारी आणि सांभाळणारी बाई एकच असते.

भाचा : हे मी नाकारत नाही. पण मग हक्क आणि जबाबदारी यांची सांगड कायद्यात घालायला हवी.

मावशी : कायद्याचंच बोलू. या देशात रुग्णालयातल्या कामगाराला कामगार मानायचं की नाही, हा प्रश्न मुंबईतूनच निघाला. जे. जे. समूह रुग्णालयांतल्या दोन वॉर्ड सेविकांना भरपाई न देता कामावरून काढलं. सरकार म्हणालं, रुग्णालय हा उद्योग नाही, त्यामुळे या बायकांना औद्योगिक कायद्याचं संरक्षण नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला, की रुग्णालयही उद्योग आहे. १९७० मध्ये सफदरजंगच्या खटल्यात तो निकाल फिरला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालपत्रानं तो पुन्हा उभा केला. दोन वॉर्ड सेविकांनी सुरू केलेली ही लढाई. आता पुढचं तूच सांग, तू कायद्याची पुस्तकं वाचतोस.

भाचा : औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या व्याख्येत, पूर्णपणे किंवा बहुतांशी धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी कामात असलेल्या संस्थांनी चालवलेले उपक्रम उद्योगातून वगळले आहेत.

मावशी : आणि मुंबई-पुण्यातली मोठमोठी खासगी रुग्णालयं कशाखाली नोंदलेली आहेत?

भाचा : बरीचशी सार्वजनिक न्यास म्हणून. त्यांना करात सवलती मिळतात, काहींना जमीन मिळालेली असते. बदल्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं ही योजना घालून दिली. ट्रस्टला लाभांश वाटता येत नाही, पण शिल्लक उरते, ती वाढते, आणि नव्या इमारती त्यातून उभ्या राहतात. मला इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. रुग्णाला बिल देताना जी संस्था बाजारभावानं वागते, ती कर्मचाऱ्याला हक्क देताना धर्मादाय असल्याचं सांगू लागली, तर ते हिशेबात बसत नाही. ही तरतूद कशी लावायची हे न्यायालयांत ठरेल. पण एक लेखापाल म्हणून मी सांगतो, एकाच संस्थेला दोन तऱ्हेची वही ठेवता येत नाही.

मावशी : एवढं तू म्हणालास, पुरे झालं. आता माझंही ऐक. तातडीचा विभाग, अतिदक्षता, प्रसूतिगृह आणि डायलिसिस, ही चार दारं संपात उघडीच राहिली पाहिजेत. तिथली नर्स हलवणारा पुढारी मला मान्य नाही. नोटीस दिल्याशिवाय उठणंही मान्य नाही. पण मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, लावून संपाचा हक्क काढून घ्यायचा असेल, तर त्याच आदेशात लवाद नेमला पाहिजे, त्याला मुदत दिली पाहिजे, आणि त्याचा निकाल सरकारवर व मालकावरही बंधनकारक असला पाहिजे. हक्क काढून घेणार आणि बदल्यात काहीच देणार नाही, हा न्याय नव्हे.

भाचा : हे मला मान्य. नफ्याला कायद्यानं मर्यादा घालावी, हे मात्र मी मानणार नाही.

मावशी : आणि ती घातलीच पाहिजे, हे मी सोडणार नाही.

दोघांचं एकमत इथे थांबतं, आणि लेखक म्हणून मला माझी बाजू सांगितली पाहिजे. नफ्याच्या मर्यादेवर प्रामाणिक माणसांत मतभेद राहतील. पण न्यूयॉर्कचा आणि पेनसिल्व्हेनियाचा अभ्यास एकमेकांसमोर ठेवले की ते एकच गोष्ट सांगतात : खाटेजवळ नर्स असली तर माणूस जगण्याची शक्यता वाढते. ती संपामुळे नसो, रिक्त जागेमुळे नसो किंवा काटकसरीमुळे नसो, रुग्णाचं नुकसान तितकंच. संपाचे तीन दिवस मोजणाऱ्या समाजानं आणि सरकारनं उरलेलं वर्षही मोजलं पाहिजे. म्हणून पहिली सुधारणा साधी आणि स्वस्त आहे. सरकारी, महापालिकेच्या, ट्रस्टच्या आणि कंपनीच्या प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, प्रत्येक पाळीला रुग्ण किती आणि प्रशिक्षित नर्स किती, हे लिहिणं सक्तीचं करावं. तो आकडा उघडा पडला की नफा किती घ्यायचा आणि संप कधी करायचा, या दोन्ही वादांना पुरावा मिळेल.

कायदा होईपर्यंत वाचकानं थांबायचं कारण नाही. घरातलं कुणी दाखल झालं, की खोलीचा दर आणि डिपॉझिट विचारताना आणखी एक प्रश्न विचारा : या वॉर्डात आज रात्री किती रुग्णांमागे किती सिस्टर आहेत? उत्तर लेखी मागा. हा प्रश्न रोज शंभर जणांनी विचारला, तर संपाची पाळी येण्याआधीच अनेक रिकाम्या जागा भरल्या जातील.